अहो

गुणाजी सावंत मेंदूच्या झटक्यानंतर अंथरुणाला खिळले. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. डोंबिवलीच्या घरात त्यांच्या कपाळाला तारा चिकटवून मुलगी रसिका समोर बसायची. ठाण्याच्या एका कंपनीत ती मेंदूतले बारीक संदेश मोठे करून दाखवणारे अ‍ॅम्प्लिफायर बनवायची, बटणाएवढ्या सेलवर चालणारे. त्यातलाच एक तिने घरी आणला होता. काम मोठं चिवट. वीज वाचवावी तर यंत्राचा स्वतःचाच आवाज वाढतो आणि त्या गलक्यात मेंदूचं बोलणं बुडून जातं.

बेशुद्धीतही मेंदू आपल्या नावाला ओ देतो म्हणे. म्हणून तिने "गुणाजी, गुणाजी" अशी हाक पुन्हा पुन्हा ऐकवली. पडद्यावरची रेघ ढिम्म हलली नाही. तेव्हा त्यांच्या उशाशी उभी राहूनच ती आईला म्हणाली होती, "आत कोणी नाहीये गं आई. किती ओढायचं अजून?"

यंत्र मात्र काढलं नाही. सेल किती टिकतो ते बघायचं होतं. तर नोंदीत अधूनमधून एक उंचवटा दिसायला लागला. असेल घरातल्या विजेचा आवाज मिसळत, म्हणून रसिका हात धुऊन त्याच्या मागे लागली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, मोबाइल गॅलरीत ठेवला. शेवटी मेन स्विचच पाडला. दुपारच्या उकाड्यात घर गपगार झालं. तरी उंचवटा आला. तिने पडद्यावरून मान वर केली.

आई तेव्हा बाबांची कूस बदलत होती. "अहो, जरा इकडे वळा हं."

"आई, परत बोल."

"काय?"

"तेच. नुसतं अहो."

आईने हाक मारली. पुन्हा मारली. प्रत्येक हाकेमागून रेघ उठली.

शुद्ध गाढवपणा झाला होता. खोपटच्या एसटी डेपोत कामावर ते सावंत, गावाला भाऊ, घरात अहो नाहीतर बाबा. त्यांची आई गेल्यापासून गुणाजी म्हणून त्यांना कोणी हाक मारलीच नव्हती.

आई रडत-हसत त्यांचे पाय चोळायला लागली. रसिकालाही आनंद झाला, पण त्या आनंदाच्या वाटेत तिचंच ते वाक्य उभं होतं. उशाशी, मोठ्याने म्हटलेलं. बाबांनी ते ऐकलं होतं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा."

रेघ सरळ.

"बाबा, मी रसिका."

यंत्र अगदी नीट चालत होतं. रेघेत कुठलाच आवाज नव्हता.