सतरा नंबरच्या पेट्या

“सतरा नंबरच्या पुढे ‘टाकून दिल्या’ असं लिहिलंय,” मुख्य ऑफिसातून आलेल्या भूगर्भतज्ज्ञ मॅडम रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या. “सही तुमचीच ना?”

“माझीच,” दगडूअण्णा म्हणाले.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण जमिनीत खोल भोकं पाडून काढलेल्या दगडी कांड्यांच्या गोदामावर अठ्ठावीस वर्षं काढल्यावर ऑफिसात हेच चिकटलं. लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेल्या कांड्या, प्रत्येकीवर रंगानं लिहिलेली खोली. त्या झाडायच्या, वाळवी लागलेली पेटी बदलायची, क्रम चुकू द्यायचा नाही. बघायला कुणी फिरकत नसे. तेव्हा सगळ्यांना तेल हवं होतं. तेल शोधणाऱ्यांना जागा पुरेना तेव्हा वरून हुकूम आला, डोंगरावरच्या सतरा नंबरच्या भोकातले दगड खड्डे बुजवायला द्या.

आता पलीकडच्या देशानं चुंबकांना लागणारं खनिज अडवून धरलं होतं. अण्णांचा जावई विजेच्या गाड्यांच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात होता. चुंबकंच येईनात, म्हणून दोन महिने घरी बसून होता.

“त्या डोंगरात ते खनिज असावं, असं जुन्या अहवालात आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण डोंगर आता हद्दीच्या वादात अडकलाय. यंत्र नेलं तर समोरून गोळी येईल. तुमच्या पेट्या असत्या तर...”

अण्णांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि खोटी नोंद ही काही साधी चूक नव्हती.

“सही माझी आहे, मॅडम,” शेवटी ते म्हणाले. “नोंद खोटी आहे.”

मागच्या पत्र्याच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या आड, एकशे बारा पेट्या होत्या. एकही कमी नव्हती.

“हुकूम का मोडलात?”

“पहिली पेटी खड्ड्यापाशी नेली होती. हात धजावेना. तीन माणसांनी दोन उन्हाळे खपून काढलेले हे दगड. त्या तिघांतला एक डोंगरावरून परत आलाच नाही.”

मॅडमनी बाटलीतल्या पाण्यानं एक कांडी ओली केली, भिंगातून बराच वेळ पाहिली. मग दुसरी. उठल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

“हे कुणाशी बोलायचं नाही, अण्णा. घरीसुद्धा नाही.”

“नाही बोलणार. एक विचारू? यातून चुंबक व्हायला किती दिवस लागतात?”

“दिवस?” त्यांनी भिंग खिशात ठेवलं. “सगळं सुरळीत झालं तरी दहा वर्षं.”

दुसऱ्या दिवशी गोदामाला पहारा बसला. आत जाणाऱ्यांच्या यादीत अण्णांचं नाव नव्हतं. दोरीच्या अलीकडे उभे राहून त्यांनी शिपायांना सांगितलं, “आडवी धरा. डावं टोक कमी खोलीचं, ते डावीकडेच राहू द्या.” शिपायांनी ऐकलं. पाच ट्रक भरून गेले. अण्णांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. चौकशी व्हायचीच होती, पण मॅडमनी त्यांच्या बाजूनं चार ओळी लिहून दिल्या होत्या.

रविवारी मुलगी आणि जावई आले. जेवताना जावई म्हणाला, “ज्यांच्याकडे खनिज आहे, त्यांची चैन आहे. आपल्याकडे नुसते दगड. तुम्हाला ठाऊकच आहे.”

“हं,” अण्णा म्हणाले.

“मालक म्हणतात, थोडं थांबा, काहीतरी मार्ग निघेल. दुसरीकडून बोलावणं आलंय, पण काम हमालीचं आहे. थांबू म्हणता?”

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला. “नको थांबूस. ते काम धर.”

“अण्णा,” मुलगी म्हणाली, “पंधरा वर्षांचा कसबी माणूस आहे तो. इतकं सहज कसं सांगता? कारण तरी सांगा.”

जावई मान खाली घालून जेवत होता. मुलगी उत्तराची वाट बघत राहिली. अण्णांनी भाताचं भांडं उचललं आणि न विचारताच जावयाला वाढलं.