थरथरत्या हाताचं माप

मित्रांनो, सास्तूरच्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर एक गंजका व्हर्निअर कॅलिपर पडून असायचा, तो मीच. वस्तू जबड्यात धरायची आणि अंगावरच्या रेघांवरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप सांगायचं, हे माझं काम. फुटपट्टीपेक्षा मी जरा बारीक पाहतो, म्हणून एके काळी मला भाव होता.

एका कारखान्यात पोलादाच्या पट्टीतून मला घडवलं आणि घासून माझ्या अंगावर रेघा कोरल्या. मी इथं आलो तेव्हा पंचाक्षरी सर भौतिकशास्त्र शिकवायला नुकतेच लागले होते. त्यांनी मला खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं आणि फडक्याने पुसून जागेवर ठेवलं. गोट्या, पेनाची टोपणं, हरभऱ्याचे दाणे, कुणाच्या हातातली बांगडी, जे सापडेल ते मी मोजलं. पुढं मुलं शहाणी झाली. एकाने मोजायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं अशी रीतच पडली. साऱ्या वर्गाच्या गोटीचा व्यास शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा येऊ लागला. एवढा एकोपा भावकीतही दिसत नाही.

मग नवे कॅलिपर आले आणि मी खालच्या फळीवर गेलो. जबड्यांना गंज चढला. वाईट वाटायला हवं होतं, पण मला काहीच वाटेना. उन्हाळे आले आणि गेले. मी नुसता पडून होतो.

यंदा पावसाळा सरल्यावर अकरावीतली शिवप्रिया सरांकडे आली. तिच्या घराच्या भिंतीला भेग पडली होती. आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे भिंतींना अशा भेगा पडत असतात. पण तिचे आजोबा कल्याणप्पा त्या भेगेकडे टक लावून बसत. जेवण समोर निवून जाई. भूकंपात जुनं गाव गेलं त्या पहाटे ते आणि लहानगा महांतेश, म्हणजे शिवप्रियाचे वडील, मळ्यावर होते. घरात होती ती माणसं राहिली नाहीत.

"भेग वाढतीया का हाय तेवढीच हाय, एवढं मोजायचंय सर," शिवप्रिया म्हणाली.

सरांनी भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू सिमेंटात बसवायला सांगितलं. दोन्ही स्क्रू मिळून जबड्यात धरायचे, भेग रुंदावली की माप वाढणार. नवे कॅलिपर परीक्षेला लागतात, म्हणून माझी पाठवणी झाली.

पहिल्या दिवशी तिने एकदा मोजलं. दुसऱ्या दिवशीही एकदाच मोजलं आणि ओरडली, "आज्जा, वाढली बघा!"

कल्याणप्पा उठले. त्यांनी बाज उचलली, वाकळ उचलली, कोनाड्यातली विभूतीची डबीसुद्धा घेतली आणि सगळं बाहेर गोठ्याच्या पत्र्याखाली नेऊन ठेवलं. विभूतीची डबी गेली तेव्हा घरातल्यांना कळलं की हे एका दिवसाचं काम नाही. बाहेर थंडी पडू लागली होती आणि म्हाताऱ्याला खोकला होता.

महांतेश पोरीवर कडाडला. "मोजायला कुणी सांगितलं व्हतं तुला? भेग ऱ्हायली बाजूला, तू आप्पांना भायेर काढलंस!"

तिसऱ्या दिवशी माप पहिल्यापेक्षाही कमी भरलं. भिंत काही रात्रीतून जवळ येत नाही. शिवप्रिया रडकुंडीला येऊन मला सरांकडे घेऊन गेली.

"किती येळा मोजलंस?" सरांनी विचारलं.

"रोज एकदा."

"तिथंच चुकलं. ह्याचे जबडे मिटले तरी शून्याच्या जरा पुढंच थांबतेत. ती ह्याची रोजची खोड हाय, तेवढं वजा करायचं. पर हात कधी दाबून धरतो, कधी हलका. डोळा कधी तिरका बघतो. ती चूक कधी जास्तीकडं जाती, कधी कमीकडं. तिला वजा करता येत न्हाय. म्हणून एकाच जागी लई येळा मोजायचं अन् सरासरी काढायची. जास्ती-कमी एकमेकाला खातेत."

"अन् भेग वाढली असं कवा म्हणायचं?"

"ह्या चढउतारापरास जास्त फरक पडला, तर. त्याच्या आधी कुणाला भिववायचं न्हाय."

मग ती रोज मोजू लागली. धरायची, वाचायची, सोडायची, पुन्हा धरायची. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला खरं काम देत होतं. आकडे मागंपुढं होत, सरासरी मात्र जागची हलत नव्हती. महिना झाला तेव्हा तिने गोठ्यात जाऊन सांगितलं, "आज्जा, भेग वाढंना. आत चला."

"तुझं हत्यार घडीघडी येगळं बोलतंय," कल्याणप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. "त्याचं काय खरं?"

"मंग तुमी मोजा."

"माजा हात कापतो, पोरी."

"कापू द्या. लई येळा मोजायचं."

ते आत आले, कितीतरी दिवसांनी. त्यांचे हात इतके थरथरत होते की माझे जबडे स्क्रूंवर वाजत होते. शिवप्रिया रेघा वाचून आकडे मांडत गेली. एक आकडा फार वर, एक फार खाली. मला धाकधूक वाटली. खरंच वाटली! शेवटी तिने सरासरी काढली, तर ती तिच्या रोजच्या आकड्यालाच येऊन टेकली.

"म्हंजे भिंत हाय तिथंच हाय?"

"व्हय आज्जा. हाय तिथंच हाय."

कल्याणप्पा भिंतीला हात लावून उभे राहिले. चेहरा आधीसारखाच कोरा होता. जरा वेळाने ते बाहेर गेले आणि विभूतीची डबी आणून कोनाड्यात ठेवली. मग महांतेशने बाज आत आणली.

मित्रांनो, आम्हा जुन्या हत्यारांना पुसून ठेवा, म्हणजे गरज पडली की आम्ही उपयोगी पडतो. आणि मोजायचंच तर पुन्हा पुन्हा मोजा. एकदाच मोजलेलं माप घरातल्या माणसाला थंडीत बाहेर काढू शकतं.

सरांनी मला अजून परत मागितलेलं नाही. मी कोनाड्यात विभूतीच्या डबीशेजारी असतो. रोज सकाळी आज्जा मला धोतराच्या सोग्याने पुसतात आणि भिंतीपाशी नेतात. हात कापतच असतो. मोजून झालं की ते आतच बसतात आणि चहा मागतात.