पोटाशी धरलेली रबरी पिशवी

मी गरम पाण्याची रबरी पिशवी बोलतेय. कारखान्यातल्या साच्यातून निघाले, औषधाच्या दुकानात पडून राहिले आणि मग दोघी बहिणींच्या या घरात आले. मला आणलं धाकटीने. चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून आली की ती मला पोटाशी धरून पडायची.

पाळी तिला पार पिळून काढायची. डागाळलेल्या चादरी ती गुपचूप धुवायची. पुढे पोट वाढू लागलं. मी टेकले की खाली काहीतरी टणक लागायचं. लग्न न झालेल्या बाईचं पोट दिसू लागलं, मग काय विचारता! जिन्यात कुजबुज सुरू झाली. धाकटी मान खाली घालून ये-जा करू लागली.

एका संध्याकाळी ताईने दार लावून घेतलं.

"कोण आहे तो?"

"कोणी नाही गं, ताई."

"मग हे पोट कसलं? मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

धाकटीने मला घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी ताईनेच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कळा येत होत्या, म्हणून मीही बरोबर होते. बाईंनी सगळं विचारलं: रक्त किती जातं, गुठळ्या पडतात का, लघवीला सारखं जावं लागतं का. धाकटी फरशीकडे बघत उत्तरं देत होती. बाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. मग भरपूर पाणी प्यायला लावून सोनोग्राफी केली.

"दिवस गेलेले नाहीत," पडद्यावर बोट ठेवत त्या म्हणाल्या. "या गर्भाशयातल्या गाठी आहेत. फायब्रॉइड म्हणतात. बहुतेक वेळा साध्याच असतात, पण रक्त फार कमी झालंय. इतके दिवस अंगावर का काढलंत?"

"लाज वाटत होती."

ताईचा चेहरा उतरला. ती उठून बाहेर गेली.

घरी आल्यावर तिनेच मला भरलं आणि धाकटीच्या पोटावर ठेवलं. "मी असं कसं बोलले तुला," एवढंच कसंबसं म्हणाली.

धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "पाणी जरा जास्त गरम आहे."

ताईने पाणी बदलून आणलं.

पुढे शस्त्रक्रिया झाली, गाठी निघाल्या. धाकटी आता ताठ चालते. ताई मात्र अजून तिच्या नजरेला नजर देत नाही. माझ्याही रबराला चिरा पडल्यात, फार दिवस नाही टिकायची.

बायांनो, पोट दुखलं तर मला खुशाल जवळ घ्या, पण डॉक्टरांना दाखवून या. मला नुसतं शेकता येतं. आणि घरच्यांनो, तिला आधी एवढंच विचारा, कुठे दुखतंय.