पाच तास दहा मिनिटं

आईची खराब झालेली चादर धाकटीने बादलीत बुचकळली, फोन कोनाड्यात उभा केला आणि स्पीकर चालू केला.

"सतरा तास लागतात गं," दादाचा आवाज आला. "दोनदा विमान बदलायचं. डॉक्टर म्हणतायत आज-उद्या. मग मी येऊन पोचणार कधी, तूच सांग."

धाकटीचा हात थांबला. बावीस वर्षं ती विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात बसत होती. दादाच्या शहराहून इथे येणारं थेट विमान तिला तोंडपाठ होतं. तीन हजार आठशे किलोमीटर, पाच तास दहा मिनिटं, रोज एक. आजच्या विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या, हेही तिने फोन लावण्याआधी पाहून ठेवलं होतं. आणि हा तिलाच सतरा तास सांगत होता. आईजवळ आजोळच्या गोष्टी!

"थेट विमान आहे, दादा."

"ते भरलेलं असतं. शिवाय शुक्रवारी ऑफिसात मोठी मीटिंग आहे. तुम्ही दोघं आहातच की तिच्याजवळ."

तिने ओल्या बोटानेच फोन बंद केला. चादरीची तिला किळस येत नव्हती. बादलीतलं पाणी दोनदा बदललं, कोपरापर्यंत साबण लावला, तरी हात स्वच्छ वाटेनात. शेवटी तिने फोनही घासून पुसला.

बाबा दारात उभे होते. विमानतळावर विमानांना शिडी लावण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

"सतरा म्हणाला ना?"

"लाज कशी वाटत नाही त्याला! तुम्हाला तरी ठाऊक आहे..."

"आहे ना. त्या विमानाला मीच शिडी लावायचो."

एवढं बोलून ते आत गेले. खरं काय ते आज आईला सांगूनच टाकायचं, असं ठरवून धाकटीही मागोमाग गेली. आईचे डोळे दाराकडेच लागले होते. चार वर्षांत तिने मुलाला पाहिलं नव्हतं.

"निघाला का तो?"

"निघाला," बाबा म्हणाले. "सतरा तास लागतील. दोनदा विमान बदलायचंय बिचाऱ्याला."

बिचाऱ्याला! धाकटीला शिसारी आली. बाबा स्वयंपाकघरात येताच ती फणफणली, "त्याच्या खोट्याला तुम्ही कशाला खतपाणी घालता?"

बाबांनी नळाखाली कप धरला.

"पाच तास म्हटलं असतं, तर ती दुपारपर्यंतच थांबली असती," ते म्हणाले आणि कप विसळत राहिले.

दुपारी आईने केस विंचरून घेतले. दोन चमचे दूधही घेतलं, कालपासून नको म्हणत होती ते. ऊन उतरल्यावर तिने पुन्हा विचारलं, "कुठवर आला असेल हो?"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. सकाळपासून ते तास मोजून सांगत होते. आता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तोंडातली सकाळची कडू चव अजून गेली नव्हती. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशा सरळ आवाजात ती म्हणाली,

"दुसरं विमान दोन तास उशिरा सुटतंय, आई. एकोणीस धर."