ओर्शोयाच्या नवसाची चादर

ओर्शोया नवस बोलली, तेव्हा मी मूठभर जवस होते. "देवा, माझा बालाझ लढाईवरून धडधाकट परत येऊ दे. तुझ्या देवळातल्या मेजावर माझ्या हातचं कापड अंथरीन."

मला पेरलं, उपटलं, होमोरोद नदीत भिजत घातलं, कुटलं, कातलं. बालाझ परतला, पण लंगडत. मागावर वाकलेल्या बायकोला म्हणाला, "धडधाकट मागितला होतास ना? मग चादरही अर्धीच वीण!"

"गप बसा. देवाशी घासाघीस करतात होय?"

सुगीच्या उपासनेला, नव्या गव्हाच्या पावाखाली, मी प्रथमच अंथरले गेले. त्याच सकाळी राजाचा तपासनीस देवळात येऊन उभा राहिला. आमची माणसं एकट्या देवाचीच प्रार्थना करतात. येशूला गुरू मानतात, त्याचा धावा करत नाहीत. नवा हुकूम होता, धावा केला नाही तर पाळकाला कोठडी आणि देवळाला कुलूप.

"गेर्गेयबाबा, घ्या की एकदा नाव," बालाझ पुटपुटला. "जीभ थोडीच झडणार आहे?"

"झडणार नाही रे," म्हातारे पाळक म्हणाले, "पण उद्या तिच्यावर विश्वास कोण ठेवील?"

ते मेजापाशी आले. माझी किनार त्यांनी मुठीत घट्ट आवळली. तळवा घामानं ओला होता. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तपासनीस पुढे सरकला.

पाळकाआधी देवळात बाईनं तोंड उघडायचं नसतं. तरी ओर्शोया बायकांच्या बाकावरून उठली. कापऱ्या आवाजात म्हणाली, "आमच्या पित्या..."

येशूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना! सगळी पित्यालाच केलेली. बालाझनं साथ दिली, मग साऱ्या देवळानं. माझ्यावरची मूठ सैल झाली नि पाळकांचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. तपासनिसाचेही ओठ सवयीनं हलत होते.

"आमेन" होताच तो गुरकावला, "येशूचा धावा कुठाय?"

"साहेब," पाळक म्हणाले, "ही त्यानंच शिकवली. हिच्यात काय उणं आहे, ते त्यालाच सांगा."

तो लालबुंद झाला. "नाताळला पुन्हा येईन!" म्हणत निघून गेला. पाळकांनी पाव मोडला, पेला उचलला. थोडा द्राक्षारस माझ्यावर सांडला.

तपासनीस नाताळला आला, पुढेही कितीजण आले. प्रार्थना थांबली नाही. आता मी विरलेय, ठिगळांवर तग धरून आहे. बाळांनो, एवढंच मागते. शेजारच्याचा घसा भीतीनं सुकलेला दिसला, तर नुसते बघत बसू नका. पहिला शब्द तुम्ही उचला.