पाठीतल्या पाण्याची सुई

मी एक जुनी सुई आहे. कपडे शिवायची नव्हे, आणि दंडात टोचतात तीही नव्हे. मी करंगळीहून लांब, पोलादी आणि पोकळ. पाठीच्या कण्यातून पाण्याचे चार थेंब काढायचे, एवढेच माझे काम. मेंदूभोवती जे पाणी असते तेच कण्यातही उतरते. ते निवळशंख निघाले की डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडे. गढूळ निघाले की समजायचे, मेंदूच्या आवरणात जिवाणू शिरले. या आजाराला मेंदूज्वर म्हणतात.

एका कारखान्यात घासूनपुसून मला टोक आले आणि मी मुलांच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत आले. दर वेळी उकळत्या पाण्यात न्हायचे, ट्रेमध्ये पडून राहायचे. माझे कौतुक कोणी केले नाही. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो," ही अफवा माझ्याआधीच दारात पोचलेली असे. मी टोचते ती जागा मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली असते. पण हे ऐकून कोण घेतो?

एका सकाळी एक सुतार आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. अखंड बडबड करते म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. त्या दिवशी ती बोलत नव्हती. दोन दिवस ताप, उलट्या, फुटेल असे दुखणारे डोके, आणि उजेड दिसला की ती डोळे घट्ट मिटून घेई. डॉक्टरीणबाईंनी तिचे डोके उचलून पाहिले. मान वाकेना.

"मेंदूज्वर वाटतोय. पाठीतलं पाणी तपासायला हवं. औषध तर आत्ताच सुरू करते."

"पाठीत सुई?" सुतार दचकला. "नको. आमच्या शेजारचा मुलगा त्यानंतर पांगळा झाला."

"तो आजारानं झाला असेल, सुईनं नाही. बरं, सुई राहू द्या. निदान औषध तरी देऊ द्या."

"आज औषध म्हणाल, मग मला न विचारता सुई टोचाल. मी नेतो माझ्या पोरीला."

"अहो, ऐका ना त्यांचं," सोबत आलेली त्याची बायको म्हणाली.

"तू गप्प बस!"

त्याने टिटवीला खांद्यावर टाकले आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो धावत परत आला. पोरीला झटके येत होते, पायांवर जांभळे ठिपके उमटले होते. शिरेतून औषध गेले, सगळी धावपळ झाली. दिवस मावळायच्या आत टिटवी गेली. मला न वापरताच पुन्हा उकळायला नेले.

हा ताप घरात दुसऱ्याला लागू शकतो, म्हणून सगळ्यांना गोळ्या दिल्या. पण टिटवीचा धाकटा भाऊ, पाच वर्षांचा गोट्या, याच्या अंगात जंतू आधीच भिनला होता. चौथ्या दिवशी त्याला ताप चढला, तसा सुतार त्याला कवटाळून आला.

"आधी सुई टोचा, बाई. मग काय विचारायचं ते विचारा."

गोट्याला कुशीवर निजवले. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. बापानेच त्याला धरले. रंधा धरणाऱ्या त्या हातांनी त्याला जराही हलू दिले नाही. मी आत गेले. थेंब आले ते पिठाच्या पाण्यासारखे. तोवर औषधही सुरू झाले होते.

गोट्या वाचला. आठव्या दिवशी आईने त्याला मागून हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. तिने वाटी खाटेच्या दांडीवर आपटली, तरी नाही.

"आता लोक म्हणतील, सुईनं केलं," सुतार म्हणाला.

"तुम्ही काय म्हणाल?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

सुतार खाटेवर गोट्याजवळ जाऊन बसला.

वर्षभराने तो वॉर्डातल्या कपाटाचे दार बसवायला आला होता. समोर एक बाई तापलेल्या तान्ह्याला छातीशी धरून "सुई नको, सुई नको" म्हणत होती. सुताराने हातोडी खाली ठेवली.

"ताई, माझी मुलगी गेली. सुईनं नाही. मी तिला उचलून घरी नेलं, म्हणून. मुलाला मात्र सुई टोचू दिली."

"आता बरा आहे तो?"

"ऐकू येत नाही त्याला. तेही त्या तापानं. पण तो आहे. घरी गेलो की दारात असतो."

बाईने डोळे पुसले आणि बाळाला खाटेवर कुशीवर ठेवले.

मित्रांनो, आता एकदाच वापरून टाकायच्या सुया आल्या आहेत. मी एका खणात गंजते आहे. त्याचे मला दुःख नाही. पण ताप, उलट्या आणि डोकेदुखी असून मान पुढे वाकेना, तर लगेच घरच्यांना सांगा. डॉक्टर लस घ्या म्हणतील तेव्हा पळू नका. माझ्या नव्या बहिणींची भीती वाटेल. ती वाटू द्या. पण घरी परत जाऊ नका.