मावशींच्या तारा

"मावशी, जरा यांना दाखवा बरं," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी हातातली नळी खुंटीला अडकवली, पेशंटच्या खुर्चीसमोर वाकल्या आणि दोन बोटांनी स्वतःचा वरचा ओठ उचलला. वरच्या दिव्यात दातांवरच्या तारा चकाकल्या. खुर्चीतल्या बाई कुठल्याशा शाळेत शिकवत होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि दुकानात भांडं आतून बघतात तसं मावशींच्या तोंडात पाहिलं.

"यांना खाता येतं का हो?" बाईंनी विचारलं, तेही डॉक्टरांना.

"त्यांनाच विचारा की. सांगा मावशी."

"सगळं खाता येतं," मावशी म्हणाल्या. "सुरुवातीचे दोन-चार दिवस ठणकतं, मग सवय होते. आणि वयाचं म्हणाल तर दातांना कुठे वय कळतं?"

शेवटचं वाक्य डॉक्टरांचं होतं. पण ते मावशींच्या तोंडून जास्त खपायचं. बाई हसल्या, त्यांनी तारा लावायचं ठरवलं आणि मावशींनी ओठ सोडला.

मावशींचे वरचे दात लहानपणापासून पुढे होते. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय त्यांना शाळेतच लागली, आणि लग्नाच्या फोटोतही तो हात आहेच. या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करताना त्यांनी पोरासोरांचे कितीतरी वाकडे दात सरळ झालेले पाहिले. हत्यारं उकळायची, ट्रे मांडायचे, पेशंटला "आ करा" म्हणायचं आणि संध्याकाळी स्वतःचं तोंड झाकून घरी जायचं. एक दिवस डॉक्टरच म्हणाले, "मावशी, तुम्हालाही लावू या तारा. माझ्याकडून. दीड वर्षात दात कसे होतात बघा." मावशींना रडूच फुटलं होतं.

आता चौथं वर्ष चालू होतं.

दात केव्हाच सरळ झाले होते. हे मावशींना दिसत होतं आणि डॉक्टरांनाही. पण मोठ्या वयाचा कोणी पेशंट तारांना बिचकला की डॉक्टर मावशींना हाक मारत, आणि तो पेशंट हमखास तयार होई. मग तारा काढणार कोण? मावशींनी विषय काढला की डॉक्टर आरसा घालून बघत आणि म्हणत, "खालचा एक अजून जरा रुसलाय हो. पुढच्या महिन्यात नक्की." डॉक्टर माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं.

एकदा मावशी धीर करून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं आणि हात धुऊन टाकले. "ज्यांनी लावल्या त्यांच्याकडूनच काढून घ्या, काकू. दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही." मावशी आल्या वाटेने परतल्या. एवढ्याशा तारेने माणसाला बांधून ठेवता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

सवय तर अशी जडली होती की विचारू नका. एका जुन्या शेजारणीचा नवरा गेला म्हणून मावशी भेटायला गेल्या. खोलीत माणसं मान खाली घालून बसलेली. शेजारणीने रडता रडता वर पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे दातांना काय केलंस?" झालं! मावशींची दोन बोटं आपोआप ओठाशी गेली. "सगळं खाता येतं," त्या म्हणाल्या, "सुरुवातीचे दोन-चार दिवस ठणकतं, मग—" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. शेजारीण रडायची थांबली, एवढंच काय ते बरं झालं. मावशींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा जीव टांगणीला होता तो लेकीचा. ती रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब राहायची. बाळंतपणाला मावशी कशाबशा आठवडाभर जाऊन आल्या, कारण तार आवळायची वेळ आली होती. तेव्हापासून फोनवर तेच चालू होतं.

"आई, निघाल्या का गं तारा?"

"पुढच्या महिन्यात म्हणालेत."

"हे तू तो पोटात होता तेव्हापासून सांगतेयस. आता त्याला दात आलेत आई, खालचे दोन! तुझे अजून बांधलेलेच."

मावशी हसल्या. लेक हसली नाही.

"माझी रजा संपतेय. मी आणखी वाढवून मागितली, नाही म्हणाले. एक तारखेला मला कामावर जायचंच आहे. तू येणार असशील तर ये, नाहीतर त्याला पाळणाघरात घालते. तसं सांग, मी रागावणार नाही."

रागावली असती तर परवडलं असतं. मावशी "बघते" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आपल्या नातवाचं पहिलं पाऊल आता कुणी भलतीच बाई बघणार होती.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टर सकाळी आले ते शीळ घालतच. "मावशी, बसा खुर्चीत. आज तुमच्या तारा काढू या!"

मावशींना खरंच वाटेना. पक्कड दातांवर कट्‌कट वाजली, एकेक चौकट सुटली, जुना चिकटा घासून निघाला. डॉक्टरांनी हातात आरसा दिला. मावशींनी दातांवरून जीभ फिरवली. गुळगुळीत, काचेसारखे! त्या हसल्या, पुन्हा हसल्या, तोंडावर हात न ठेवता. इतके सुंदर दात आपले आहेत, या आनंदाने त्यांचे डोळे भरून आले.

"डॉक्टर, आता तो झोपताना घालायचा साचा तेवढा द्या," त्या म्हणाल्या. "दात परत पुढे येऊ नयेत म्हणून देता ना, तो. मी लेकीकडे जाते."

"तो शेवटी, सगळं काम झाल्यावर. आधी हे बघा!" डॉक्टरांनी खिशातून काचेसारखी पातळ, दातांच्या आकाराची एक पट्टी काढली. "आता तारांचे दिवस गेले. लोकांना हे हवंय, न दिसणारं. दर पंधरा दिवसांनी नवी पट्टी चढवायची. तुमच्या खालच्या रुसलेल्या दातावर करून दाखवू. वर्षभराचं काम. पहिला मान तुमचा!"

बोलता बोलता त्यांनी स्वतःच माप घ्यायचा लगदा कालवला. ट्रेमध्ये भरला. एका हाताने मावशींच्या खांद्यावर थोपटलं.

"हं, आ करा."

मावशींनी तोंड उघडलं नाही.

"मावशी? आ करा ना. घट्ट होईल हे."

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. ओठ मिटलेले, हात मांडीवर. डॉक्टर ट्रे घेऊन तसेच वाकून उभे. त्यांनी आधी हसून पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मावशींकडे. लगदा बघता बघता थिजला. त्यांनी ट्रे उलटा करून हलवला, काही सांडलं नाही.

"वाया गेला," ते म्हणाले.

"मी परवाच्या गाडीने लेकीकडे जातेय, डॉक्टर. परत यायची नाही."

"अहो, साच्याशिवाय दात परत पुढे येतील. एवढी चार वर्षं फुकट जातील!"

मावशींना ते माहीत होतं. या दातांवर त्यांचा जीव होता. त्यांनी पुन्हा एकदा जीभ फिरवली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"येऊ देत," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. गळ्यातला कागदी रुमाल काढून डब्यात टाकला. डॉक्टरांच्या हातातला ट्रे घेतला, कडेने बोट घालून थिजलेला गोळा सोडवला आणि तळहातावर घेऊन क्षणभर पाहिला. त्यावर एकही दात उमटला नव्हता. तोही त्यांनी डब्यात टाकला, ट्रे स्वच्छ धुतला आणि पालथा घालून निथळत ठेवला.